पांढऱ्या पिशवीचे पाठांतर

जळगावच्या रुग्णालयात माझ्या पत्नीला शिरेतून अन्न दिले जात होते, तेव्हा शिरपूरकडची एक नवी परिचारिका रोज सकाळी येई. त्या अन्नाच्या दुधासारख्या पांढऱ्या पिशवीला हात लावण्यापूर्वी ती डोळे मिटून नियम पुटपुटे: हात स्वच्छ धुवावेत, वेग वाढवू नये, अन्नाच्या नळीतून दुसरे औषध देऊ नये. मी रोज संध्येला बसतो तशी तिची ती मुद्रा पाहून मला मोठे समाधान वाटे. "माले बठ्ठं पाठ शे, आबा," सगळे पाठ असल्याचे ती अहिराणीत सांगे. ऐकून ऐकून मलाही ते पाठ झाले.

एके सकाळी तिने सारे नियम अस्खलित म्हटले आणि औषधाची सिरिंज त्याच अन्नाच्या नळीला लावू लागली.

"सिस्टर, शेवटचा नियम काय म्हणालात?" मी विचारले.

तिने तो न अडखळता पुन्हा म्हटला. मग स्वतःच्या हाताकडे पाहिले. सिरिंज मागे घेऊन तिने आपणहून मोठ्या सिस्टरांना बोलावले व घडले ते सांगितले. जाताना म्हणाली, "आबा, तुमनं पाठांतर पक्कं शे."

दुसऱ्या दिवसापासून ती डोळे उघडे ठेवून, नळीवर बोट टेकवून नियम म्हणू लागली. मीही माझी संध्या जरा सावकाश, शब्दांकडे लक्ष देत करू लागलो.