वस्तादांची माघार

आमच्या क्लबात कधी मतदान झालं नाही, याचा आम्हाला फार अभिमान होता. अध्यक्ष असो, खजिनदार असो, सगळं बिनविरोध. गावातली सोसायटी बिनविरोध निघाली की पेढे वाटणारी आम्ही माणसं. हात वर करून मोजायची वेळ आली की भावकी फुटल्यासारखं वाटायचं. दोन नावं पुढे आली की कोणीतरी त्यातल्या एकाच्या घरी जायचं आणि म्हणायचं, मोठं मन दाखवा. मोठं मन दाखवायला नेहमी लहान माणसालाच सांगतात, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा त्या घरी जाऊन आलेला मीच होतो.

मी मूळचा टेंभुर्णीचा. ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कधीतरी कॉलेजसाठी जालन्याला आलो आणि जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या माडीवर खोली घेतली. ओळख ना पाळख. संध्याकाळ खायला उठायची, म्हणून जवळच्या शाळेच्या मैदानावर जाऊन उभा राहायचो. तिथे फुटबॉलचा क्लब होता. शिकवणारा माणूस एका बियाणं कंपनीच्या गोदामात कामाला होता. पोत्यातून मूठभर बी काढायचं, ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि आठवड्यानं किती उगवले ते मोजायचे, हे त्यांचं काम. पाचला सुटले की सायकलच्या हँडलला चेंडूंची जाळी अडकवून ते थेट मैदानावर. कोच हा शब्द आमच्या तोंडात बसत नव्हता. तालमीत शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात, म्हणून तेही वस्ताद.

चौथ्या दिवशी ते माझ्याजवळ आले. म्हणाले, “रोज उभा राहून काय पाहून राह्यला? चपला काढ अन् ये आत.”

मी आत गेलो तो सात वर्षं आतच राहिलो. डाव्या बाजूला बचावात खेळायचो. फार मोठा खेळाडू नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. घरी कळवलं नव्हतं, कारण आई लगेच गावी घेऊन गेली असती आणि परीक्षा बुडाली असती. वस्ताद बारा दिवस दोन वेळा डबा घेऊन माडीवर आले. बिनतेलाची भाजी, मऊ भात, उसाचा रस. डबा ठेवायचे, मी खाईपर्यंत खिडकीत बसायचे आणि रिकामा डबा घेऊन जायचे. पुढे त्यांनी या गोष्टीचा एकदाही उल्लेख केला नाही. मीही नाही केला, आणि माझं न करणं वेगळ्या जातीचं होतं.

शिक्षण संपलं, पाटबंधारे खात्यात चिकटलो, लग्न झालं. खेळ सुटला, पण क्लब सुटला नाही. अक्षर बरं म्हणून मला सचिव केलं. अर्थात बिनविरोध.

क्लबचा मॅनेजर म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. स्पर्धांचे फॉर्म, पोरांचे जन्मदाखले, मैदानाची परवानगी, बाहेरगावची गाडी, सगळं ते बघत. ते मुलाकडे कायमचे पुण्याला गेले, तेव्हा आमचे अध्यक्ष वस्तादांना म्हणाले, “तूर्त तुम्हीच बघा.” अध्यक्ष वकील होते, आणि वकिलाचं तूर्त किती लांबतं ते कोर्टाची पायरी चढलेल्यांना सांगायला नको. तूर्त तीन वर्षं चाललं. शिकवायचं वस्तादांनीच आणि मॅनेजरकीही त्यांनीच करायची. त्या तीन वर्षांत एकदा जिल्ह्याची ढाल आली, एकदा थोडक्यात हुकली. तिसऱ्या वर्षी मात्र घोटाळा झाला. औरंगाबादच्या स्पर्धेचा भरलेला फॉर्म त्यांच्या कापडी पिशवीत शिट्टी, पंप आणि जुन्या मोज्यांखाली तीन आठवडे तसाच पडून राहिला. मुदत गेली. सोळा पोरं घरी बसली.

ते सोळा पोरांच्या घरी गेले. प्रत्येकाच्या बापासमोर उभे राहून म्हणाले, “माझी चूक झाली. पोराचा एक मौका गेला माझ्यापाई.” एका बापानं नको ते ऐकवलं, तेही ऐकून घेतलं.

त्यानंतर समितीनं ठरवलं की आता मॅनेजर कायमचा नेमायचा. दोन नावं आली. एक वस्तादांचं. दुसरं नवीन जालन्यातल्या एका स्पेअर पार्टच्या व्यापाऱ्याचं. तिशीतला माणूस, बोलायला चटपटीत, कलेक्टर कचेरीत कोणतं टेबल कुठे आहे ते ठाऊक असलेला. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. गोलला नवी जाळी त्यानंच आणली होती आणि त्याचा गाजावाजा केला नव्हता.

माझं मत मला पक्कं ठाऊक होतं. मॅनेजर म्हणून वस्ताद नकोत. माणूस सोन्यासारखा, पण कागद त्यांच्या हातात टिकत नव्हता. साहेबासमोर उभे राहिले की त्यांचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. हे मत काही पाप नव्हतं. चारचौघांत सांगता आलं असतं, हात वर करून देता आलं असतं. पण मग मतदान झालं असतं.

अध्यक्षांनी मला घरी बोलावलं. म्हणाले, “वस्ताद तुमचं ऐकतील. तुम्ही त्यांचे लाडके. माघारीवर सही तेवढी घेऊन या. आपण त्यांचा चांगला सत्कार करू.” लाडके म्हटल्यावर मी फुगलो, हे लिहायला आज लाज वाटते. कागद मीच लिहिला, माझ्या त्या बऱ्या अक्षरात.

रविवारी दुपारी गेलो. जुन्या जालन्यात कापड गल्लीच्या मागे त्यांच्या दोन खोल्या. ते जमिनीवर बसून चेंडूची उसवलेली शिवण मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवत होते. काकूंनी चहा दिला. मी शाळा, पाऊसपाणी, ऑफिस असं इकडचं तिकडचं बोलत राहिलो. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, “कागद आणला का?”

मी खिशातून काढला. त्यांनी वाचला. वाचायला त्यांना वेळ लागायचा, आणि मी कपातला तळाचा चहा पुन्हा पुन्हा पीत होतो.

“तुला काय वाटून राह्यलं?” त्यांनी विचारलं. “जमंल का न्हाई मला हे काम?”

“वस्ताद, तुम्ही मैदानावरच पाहिजेत. तुमच्याशिवाय पोरांना कोण आहे?”

“हे वकीलसाहेबाचं झालं. तुझं सांग.”

मला एवढंच सांगायचं होतं: वस्ताद, त्या फॉर्मनंतर मला भरवसा वाटत नाही. एका वाक्याचं काम. बारा दिवस त्यांच्या घरचा डबा खाल्लेल्या तोंडातून ते वाक्य निघेना. मी म्हणालो, “सगळ्यांचं हेच म्हणणं आहे.”

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, एकदा मतं तर पडू द्या. पडलात तर पडलात. कोणी फाशी देतं का?”

“उगं कशाला? दोन गट पडतील क्लबात. पोरं खराब होतील.”

“पोरं, पोरं.” त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही लोकं बराबर वळखून आहात यांना. हा माणूस कुठं जाणारच न्हाई. मंग त्याला काही द्यायची गरजच काय, असंच ना?”

वस्तादांनी चेंडू मांडीवर घेतला, त्यावर कागद ठेवला आणि सही केली. गोल चेंडूवर सही वाकडी आली. ती वाकडी सही मी फायलीला लावली.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. वकीलसाहेब त्यागावर अर्धा तास बोलले आणि टाळ्या मिळाल्या. वस्तादांना दोन शब्द बोलायला सांगितले तर त्यांनी नुसते हात जोडले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते मैदानावर हजर होते. आम्ही एकमेकांना म्हणालो, बघा, मनात काही ठेवलं नाही. किती सोयीचं बोललो आम्ही.

नवा मॅनेजर दीड हंगाम टिकला. या काळात एकही फॉर्म चुकला नाही, हे मान्य केलं पाहिजे. मग त्यानं पुण्यात दुकान टाकलं आणि तो तिकडेच गेला. जागा पुन्हा रिकामी. या वेळी दुसरं नावच आलं नाही. समिती बसली आणि दहा मिनिटांत ठरलं: आता वस्तादच, आणि तेही कायमचे. आमची चूक आपोआप दुरुस्त झाली म्हणून मला इतकं हलकं वाटलं की मी सभेतून उठलो तो तसाच स्कूटर काढून मैदानावर गेलो. पुन्हा खिशात कागद होताच. या वेळचा संमतीचा.

पोरं मैदानाला फेऱ्या मारत होती. वस्ताद कडेला उभे होते. केस पांढरे झाले होते, आणि उजवा गुडघा दुखायचा म्हणून सगळा भार डाव्या पायावर. मी सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“बिनविरोध झालं का?” त्यांनी विचारलं.

“बिलकुल बिनविरोध, वस्ताद.”

“मंग माझा एक विरोध लिहून घे.”

मला वाटलं थट्टा करतात. मी हसलोसुद्धा. ते हसले नाहीत.

“त्या टायमाला मतं पडली असती,” ते म्हणाले, “अन् मी पडलो असतो, तर आज आलो असतो. कोणाला मी नको होतो, कशापाई नको होतो, ते समजलं असतं. सुधारलं असतं जमंल तेवढं. तुम्ही तर मला शाल दिली. आता तुम्ही हो म्हणून राह्यले, तर हे खरं का ते खरं, कसं वळखू मी?”

“पोरांसाठी तरी, वस्ताद.”

“पोरांसाठी येतोच की रोज. ते सोडलं का कधी?”

पोरं फेरी संपवून गोलजवळ जमली होती आणि त्यांची वाट बघत होती. आता तरी बोलायला हवं होतं, आणि मी बोललो. त्यांच्याकडे न बघता बोललो. “वस्ताद, माझं मत तुमच्या विरोधात होतं. त्या फॉर्ममुळे. दुसरं काहीच कारण नव्हतं.”

त्यांनी मान हलवली, बियाण्याच्या कागदावर दाणे मोजून झाल्यावर हलवत असतील तशी.

“फॉर्मच ना? मला वाटलं, काय की,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली, मी दुसरंच काही धुंडून राह्यलतो माझ्यात.”

आणि लंगडत पोरांकडे गेले.