उंबऱ्यावर अडकलेली बोट

सिरिल हेब्डन अकरा वर्षं गावच्या कालव्यावरची सहलीची बोट चालवत होता, फुकट. साठ वर्षं गाळात बुजलेला कालवा गावकऱ्यांनी तीन मैल मोकळा केला होता. फेऱ्यांच्या तिकिटांतून पुढचं खोदकाम चाले. निवृत्त पोस्टमन सिरिलला रविवारी सगळे 'कॅप्टन' म्हणत आणि ते त्याला फार आवडे.

मे महिन्यात वृद्धाश्रमातली मंडळी आली होती. बोट लॉकमध्ये, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेणाऱ्या दगडी हौदात शिरली, मागचे दरवाजे लागले. नवी स्वयंसेविका डोरीन गार्साइड काठावर उभी राहून खालच्या झडपांतून पाणी सोडत होती. पाणी उतरलं की बोटही खाली जाणार. अशा वेळी सुकाणूवाल्याला एकच काम असतं, मागच्या दरवाज्याशी पाण्याखाली दगडी उंबरा आहे, त्यापासून बोट पुढे ठेवायची. सिरिल मात्र दोन आजीबाईंना आपल्या बहादुरीचा किस्सा सांगत होता.

बोटीची शेपटी उंबऱ्यावर टेकली. पाणी उतरत राहिलं, नाक खाली गेलं, कपबशा घसरल्या, एक म्हातारी किंचाळली. डोरीननं धावत जाऊन त्या झडपा बंद केल्या आणि वरच्या झडपांतून पाणी भरून घेतलं. बोट सरळ झाली. कुणाला खरचटलंही नाही.

संध्याकाळी कालवा समितीचा लेनर्ड म्हणाला, "काय झालं रे नेमकं?"

"डोरीननं झडपा भसकन उघडल्या," सिरिल बोलून गेला. "नवीन आहे बिचारी."

डोरीननं त्याच्याकडे पाहिलं. वाद घातला नाही. पुढच्या रविवारपासून तिला लॉकवरून काढून चहाच्या खिडकीत बसवलं. कुणीतरी हसत म्हणालं, "डोरीन, चहा तरी हळू ओत हं!" सगळे हसले. सिरिलही हसला, आणि हसता हसता त्याचे कान तापले.

त्यानंतर तो तिच्या खिडकीकडे फिरकेना. घरून थर्मास आणू लागला. कुणी 'कॅप्टन' म्हटलं की मान खाली जाई. जुलैच्या सभेत लेनर्डनं त्याच्या सुरक्षित सेवेसाठी टाळ्या मागितल्या, तेव्हा सिरिल उठला. 

"वाजवू नका. त्या दिवशी मी गप्पा छाटत होतो. चूक माझी. डोरीननं सगळ्यांना वाचवलं आणि मी तिच्यावर ढकललं."

 लेनर्डनं चष्मा काढून पुसला. त्याच सभेत सिरिलकडून सुकाणू काढून घेतलं आणि डोरीनला लॉक परत दिलं.

बाहेर सिरिलनं तिला गाठलं. "माफ कर मला, डोरीन."

"बोललास, बरं केलंस," ती सायकलचं कुलूप काढत म्हणाली. "पण दोन महिने लोक माझ्या हातांकडे बघत होते, सिरिल. ते कसं परत घेशील?"

 तो टोपी हातात धरून उभा राहिला. ती सायकलवर बसून निघून गेली.

ऑगस्टमध्ये तो फावडं घेऊन खोदणाऱ्यांत गेला. गुडघाभर चिखलात, सगळ्यांत खालच्या टोकाला, जिथे बोट अजून पोचतच नव्हती.