पापलेट कुणी सुकवतं का?

मुलांनो, जरा डोळे मिटा. दुपारची वेळ आहे असं समजा. तुम्ही चटईवर पडला आहात. समुद्रावरचा वारा मासळीचा वास घेऊन घरात शिरतो आहे. झोप लागलेली नाही, पण तुम्ही जागेही नाही. अंगणातला सुरीचा आवाज कधी जवळ येतो, कधी लांब जातो.

अशाच एका चटईवर सुरंगी पडली आहे. ती सहावीत आहे आणि उद्यापासून ती शाळेत जाणार नाही.

का, ते आधी सांगतो. तिची आई मंजुळा दोन महिन्यांपूर्वी तापाने गेली. त्यांच्या कोळीवाड्याची रीत अशी की मासे बाप्यांनी पकडायचे आणि बायांनी विकायचे. बाईने होडीत पाय ठेवायचा नाही, बाप्याने बाजारात पाट मांडून बसायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. मंजुळा गेली आणि तिची बाजारातली जागा रिकामी पडली. सुरंगीचा बाप हिराजी रोज ताजी मासळी आणतो आणि विकायला घरात बाई नाही म्हणून ती चिरून, मीठ लावून वाळत घालतो. शेवटी शेजारणींनी तोडगा काढला, ‘पोरगी हाय ना घरात? तिला बसवा.’ हिराजी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याने मान खाली घातली. तेवढ्यावर ठरलं.

सुरीचा आवाज थांबतो. दारात आई उभी आहे. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, कमरेवर टोपली. ती सुरंगीकडे बघतसुद्धा नाही. बघते आहे अंगणाकडे.

“पापलेट,” ती म्हणते. “हा माणूस पापलेट सुकवतोय. पापलेट कुणी सुकवतं का?”

“आये, तू कधी आलीस?”

“वास आला तशी आले. बोंबील सुकव, जवळा सुकव, मी काय बोलले असते? पण हे ताटाएवढं पापलेट?”

सुरंगीला हसू येतं. चटई डुलते आहे. चटईखाली पाणी आहे. सुरंगी होडीत उभी आहे आणि आई किनाऱ्यावरून हात हलवते आहे.

“उतर आधी खाली. बाईमाणसानं होडीत...” आई मध्येच थांबते आणि कपाळावर हात मारून घेते. “बघ. मेले तरी जीभ सुधारत नाय.”

“बाई चढली तर काय होतं गं?”

“मासळी रुसते म्हणत.”

“कोण म्हणत?”

“माझी सासू. तिला तिची.” आई पाण्यातून चालत येते, कमरेइतक्या, मग घोट्याइतक्या. “मी मासळीला कधी विचारलं नाय.”

पाणी ओसरतं तिथे शाळेची फरशी आहे. सहावीचाच वर्ग. बाकांवर टोपल्या मांडून बाजारातल्या बाया बसल्या आहेत, आणि मास्तर त्यांची हजेरी घेत आहेत. सुरंगीच्या बाकावर हिराजी बसला आहे, गुडघे हनुवटीला टेकलेले. बाया पदर तोंडाला लावून हसतात.

“याला इथं कशाला आणलंस?” आई विचारते.

“मी कुठं आणलं?”

“मग काय मी? झोप तुझी हाय.”

सुरंगी खालच्या आवाजात सांगते, “आये, उद्यापासून मी बसणार तुझ्या जागेवर. सगळ्या म्हणतात मला जमेल. बाईच्या अंगातच असतं म्हणे.”

“अंगात?” आई टोपली धाडकन बाकावर ठेवते. “माझ्या अंगात काय होतं गं? पहिल्या दिवशी गिऱ्हाइकानं सुरमईला नाक लावून ती परत टाकली, तर मला रडू फुटलं. सासूनं मागनं चिमटा काढला, बोल म्हणाली. चिमटे खाऊन शिकले मी. आणि याला म्हणे जमत नाय. वादळात होडी सांभाळतो हा, आणि चार बायांच्या रांगेत बसायचं तर याला घाम फुटतो.”

“लोक हसतील म्हणतो बाबा.”

“हसतीलच. मीपण हसले असते.” आई टोपलीतला एक मासा उलटा करून ठेवते. “एकदा माझा पाय मुरगळला होता. तेव्हा विचारलं होतं यानं, आज मी बसू का म्हणून. मीच म्हटलं, बायको मेल्यासारखा बाजारात बसणार का तू? माझी नाचक्की करणार? मग परत विचारलं नाय त्यानं.”

हिराजी बाकावरून मान वर करत नाही.

“मग आता?” सुरंगी विचारते.

“आता मेलेच की मी,” आई वैतागून म्हणते. “आता तरी बसायला काय हरकत हाय?”

ती टोपलीतल्या माशांवर बर्फ पसरते. एक खडा सुरंगीच्या हातात ठेवते आणि तिची मूठ घट्ट दाबते.

“तू बसायचं नाय. सहावी झाली की सातवी असते, एवढं मला कळतं. त्याला एवढंच सांग, गिऱ्हाईक माशाचा कल्ला उघडून बघतं, बघू द्यायचं. आत लाल असलं की मासळी ताजी, मग आपल्याला फार बोलावं लागत नाय. जा, ऊठ.”

“थांब ना गं थोडी.”

“थांबून काय करू? परत म्हणेन होडीतून उतर.”

सुरीचा आवाज येतो. सुरंगी डोळे उघडते. ऊन अजून भिंतीवर आहे. तिची मूठ ओली आहे, बोटं बधिर झाली आहेत. ती मूठ उघडते, तर तळव्यावर नखाएवढा बर्फाचा खडा. घरातली बर्फाची पेटी दोन महिने कोरडी पडलेली आहे. खडा कुठून आला म्हणाल, तर मुलांनो, मलाही सांगता येत नाही.

ती धावत अंगणात जाते. हिराजीने बाजूच्या टोपलीतलं मोठं पापलेट हातात घेतलं आहे, सुरी टेकवली आहे. सुरंगी तो खडा त्याच्या खारट तळव्यावर ठेवते. हिराजी दचकून बघत राहतो. तेवढ्यात ती त्याच्या हातातली सुरी काढून घेते.

“संध्याकाळचा बाजार अजून भरायचाय, बाबा. चल.”

“शेजारची काकी नेईल का बघतो.”

“काकी नाय. तू.”

“बाय, लोक हसतील.”

“हसतील,” सुरंगी म्हणते. “हसून झालं की मासे घेतील. आज मी शेजारी बसते, गृहपाठ घेऊन. उद्या शाळा हाय मला.”

हिराजी नेहमीसारखी मान खाली घालतो. या वेळी मात्र सुरंगी त्या खाली घातलेल्या डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवते, पापलेटांनी भरलेली टोपली दोन्ही हातांनी उचलते आणि म्हणते, “आणखी थोडा वाक.”