पाहुण्याला बैठकीत बसवणाऱ्या वंदनाताई

वंदनाताईंची आणि माझी ओळख नकारानं झाली. यवतमाळच्या आमच्या कार्यालयात कापूस खरेदीची नोंदणी सांभाळली जाते. संगणकावरचा प्रत्येक प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद खोलीत, चालतो; कोणत्या खोलीला किती मोकळीक, हे ताईंचे नियम ठरवतात. मी पाठवलेला पहिलाच कंटेनर दारातून परत आला. सोबत ताईंनी लिहून ठेवलेला मजकूर : 'हा मालकाच्या अधिकारानं चालू पाहतो. साध्या वापरकर्त्याच्या नावानं चालवा. अडलं तर माझ्याकडे या, चहा आहे.' इतका सभ्य नकार मला मुली पाहतानाही मिळाला नव्हता.

पूर्वी हे नियम नुसता इशारा देत. त्याला आम्ही भिंतीवरच्या 'थुंकू नये'इतकाच मान देत होतो. हंगामाच्या तोंडावर ताईंनी नुसत्या इशाऱ्याऐवजी थेट बंदी लागू केली आणि पहिला अडकला तो त्यांचाच कंटेनर. आम्ही टाळ्या पिटल्या. "चला, दार लागते तं बराबर!" म्हणत ताई दुरुस्तीला बसल्या.

मग साहेबांच्या साळ्याचा पावत्या छापणारा प्रोग्राम आला. त्याला सगळेच अधिकार हवे होते.

"मॅडम, घरचाच पाहुणा हाय, सूट द्या न."

"पाहुणा हाय तं बैठकीत बसवा नं साहेब. तिजोरीच्या खोलीत कायले झोपवून राह्यले?"

साहेबांनी अबोला धरला. ताईंनी मात्र साळ्याला शेजारी बसवून, चहा पाजून, प्रोग्राम नियमात बसवून दिला.

ऐन खरेदीत ताई भाचीच्या लग्नाला राळेगावला गेल्या आणि त्याच प्रोग्राममधला बाहेरून आणलेला आयता भाग घातकी निघाला. शेतकऱ्यांची बँक खाती ठेवलेल्या खोलीत तो शिरू पाहत होता. ताईंच्या नियमांनी त्याला जागीच कोंडलं. आम्ही घाबरून फोन लावला.

"खाती?"

"सुरक्षित आहेत, ताई."

पलीकडे लग्नाचा बँड वाजत होता. त्यावर आवाज चढवून ताई म्हणाल्या, "मंग जेवू द्या नं मले आता!"

साहेब त्या दिवसापासून 'मॅडम' विसरून 'ताई' म्हणू लागले.

ताई नसतानाही ताईंचं दार लागतं, हे कळल्यापासून आम्ही सगळे निवांत झोपतो. साठी गाठलेल्या ताईंनीही आता तसंच झोपावं, ठणठणीत राहून शंभरी पाहावी. डॉक्टरांच्या नियमांतून मात्र त्यांनी सूट मागू नये. मागितलीच तर आमचा मजकूर तयार आहे : 'परवानगी नाही. अडलं तर आमच्याकडे या, चहा आहे. बिनसाखरेचा.'