फ्लोअर उघडा म्हणणारा माणूस

विमानाला हात लावण्याआधी काका बोटातली अंगठी आणि मनगटावरचं घड्याळ काढून रुमालात बांधायचे आणि तो रुमाल माझ्या हाती द्यायचे. मग विमानाच्या पोटाखाली हात मागे बांधून पाच-सात मिनिटं नुसते उभे राहायचे. मला घाई असायची. मी चुळबुळ करू लागलो की वळूनही न पाहता म्हणायचे, "थांब गा. आधी मले भेव वाटू दे."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आयुष्यभर विमानं दुरुस्त केलेला माणूस आणि विमानालाच भिणारा. पण तुम्ही त्यांना जवळून पाहिलं असतं तर तुमच्याही लक्षात आलं असतं की हे विमानापुरतं नव्हतं. रिक्षात बसण्याआधी ते तिन्ही टायर बघत. त्यांची मुलगी कोराडीला दिलेली. तिच्याकडे जाताना बसमध्ये मागच्या दाराजवळची सीट धरत, आणि ड्रायव्हरने मोबाइल कानाला लावला की मधल्याच स्टॉपवर उतरून दुसऱ्या बसची वाट पाहत. एकदा जरीपटक्याच्या बाजारात मी एका कापडाच्या दुकानात शिरलो, तर हे बाहेरच उभे. दुकानावरचा बोर्ड एका बाजूने सैल झाला होता. त्यांनी दुकानदाराला बाहेर बोलावलं, तारेने बोर्ड आवळून घेतला, मगच आत आले आणि एक टॉवेल घेतला.

मी नागपुरातल्या एका उद्योजकाच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळतो. सगळे त्यांना शेठ म्हणतात, मीही म्हणतो. काही वर्षांपूर्वी शेठनी मनावर घेतलं की आपलं स्वतःचं विमान हवं, आणि तेही असं की नागपुरातून उडालं की मध्ये कुठेही न उतरता थेट लंडनला टेकेल. नव्यासाठी फार थांबावं लागणार होतं, म्हणून वापरलेलं बघायचं ठरलं. एका दलालाने एक आणून आमच्या विमानतळावरच्या हँगरमध्ये उभं केलं. पांढरं शुभ्र, आत मऊ चामड्याच्या खुर्च्या, मागे झोपायला पलंग. असं विमान घेण्याआधी जाणत्या माणसाकडून ते तपासून घ्यावं लागतं. त्यासाठी यांना बोलावलं. हे मूळचे खाप्याचे, विणकराच्या घरातले, विमान कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणायचो. विमानाचे कागद त्यांच्यापुढे ठेवणं हे माझं काम.

काकांचा एक नेम होता. ज्या विमानाला त्यांनी पसंतीची सही दिली, त्याच्या पुढच्या उड्डाणात ते स्वतः बसत. सगळ्यात मागच्या खुर्चीत, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात पकडून, उतरेपर्यंत तोंडातून अक्षर न काढता. सही दिली नसेल त्या विमानात ते पाय ठेवत तो फक्त तपासण्यापुरता.

तपासणीच्या चौथ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. विमानाच्या दुरुस्तीच्या वह्या असतात. कधी काय उघडलं, काय बदललं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मी त्या सगळ्या आधीच चाळल्या होत्या आणि शेठना सांगूनही बसलो होतो की कागद एकदम स्वच्छ आहेत. काकांनी एक वही माझ्यापुढे सरकवली.

"चौदा महिने हे विमान समुद्राकाठी उघड्यावर उभं होतं. ही त्या चौदा महिन्यांची वही. तुले यात कुठं तेलाचं बोट दिसते का?"

मी पानं उलटली. एकही डाग नव्हता.

"हँगरातली वही अशी नसते गा. हे ऑफिसात बसून एका दमात लिहिलं हाये."

ज्या स्वच्छतेवर मी खूश झालो होतो तिच्याचकडे ते बोट दाखवत होते. त्या वहीत लिहिलं होतं की संडास आणि किचनच्या खालचं फ्लोअर उघडून तपासलं, सगळं ठीक. काकांचं म्हणणं, ते कोणी उघडलंच नाही. तिथे वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि खालच्या आडव्या पट्ट्यांचं अॅल्युमिनियम कुजतं. वरून गालिचा असल्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. त्यांनी शेठना एवढंच सांगितलं की फ्लोअर उघडा, मग सही.

दलाल म्हणाला, त्याला दोन दिवस लागतील आणि माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. शेठ वाईट माणूस नाही, पण एखादी वस्तू मनात भरली की त्यांना कोणी अडवलेलं खपत नाही. त्यांनी ठरवलं की गुरुवारी सकाळी आपण दोन तास उडून विमान बघू, म्हाताऱ्याची सही नंतर पाहता येईल. बरोबर दलाल, आणि कागदांची बॅग घेऊन मी.

नाही म्हणायची माझी छाती नव्हती. बुधवारी संध्याकाळी मी काकांना फोन करून सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता?"

गुरुवारी मी विमानात बसलो. माझ्या खुर्चीच्या शेजारीच संडासाचं दार. पायाखालचा गालिचा इतका मऊ होता की बूट रुतत होते, आणि मला सारखं वाटत होतं की जोरात टेकवला तर पाय आरपार जाईल. माझी नववीतली मुलगी डोळ्यांपुढे येत होती. पुढे शेठ आणि दलाल हसत बोलत होते. दार लावायची वेळ झाली आणि काका जिना चढून आत आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात हत्यारांची पेटी नाही. ते माझ्यापाशी वाकले.

"उतर."

"काका, नोकरी जाईन माही."

"मंग मीही बसतो," ते म्हणाले आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसले.

मी मान वळवून पाहिलं. ते पट्टा लावत होते आणि तो लागत नव्हता. पट्ट्याचं टोक दोनदा बाजूला गेलं. तिसऱ्यांदा खटका वाजला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटले. इतका घाबरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. माझी स्वतःची भीती त्यापुढे मला क्षुल्लक वाटली, आणि लाज वाटली ती वेगळीच.

मी पट्टा सोडून उठलो, पुढे गेलो आणि शेठना म्हणालो की मी येत नाही. शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे. त्यांनी काकांना विचारलं की सही तर तुम्ही केली नाही, मग बसलात कशाला.

"हा बसला म्हणून," काका डोळे न उघडता म्हणाले.

एसी चालू असूनही शेठच्या कपाळावर घाम दिसत होता. शेवटी त्यांनी आपलाही पट्टा काढला आणि दलालाला सांगितलं की आज राहू द्या, फ्लोअर उघडा.

शनिवारी उघडलं. गालिचा निघाला, खालचे तक्ते निघाले. आडव्या पट्टीवरचा हिरवा रंग वरून धड दिसत होता. काकांनी तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक अलगद टेकवलं, आणि ते शिजलेल्या बटाट्यात जावं तसं आत गेलं. दलाल फोन करायला बाहेर गेला. खरं सांगायचं तर त्या गुरुवारी कदाचित काहीच झालं नसतं, विमान अजून वर्षभरही उडलं असतं. काकांनीही तेच सांगितलं. तो सौदा मोडला. पुढच्या वर्षी शेठनी दुसरं विमान घेतलं, काकांनी ते अकरा दिवस तपासलं आणि मागच्या खुर्चीत बसून ते हैदराबादला जाऊन आले. माझी नोकरी शाबूत राहिली.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. घरीच, खुर्चीत पेपर वाचता वाचता. मी तेव्हा बाहेरगावी होतो, म्हणून आठवड्याने भेटायला गेलो. काकूंनी मला कधी पाहिलं नव्हतं. शेठच्या ऑफिसातला, एवढंच मी सांगितलं. त्यांनी चहा ठेवला आणि सिलिंडर संपत आलं आहे, नंबर लावायला हवा, असं काहीतरी बोलता बोलता थांबल्या.

"ह्यायनंच शिकवलं मले, फोनवर गॅसचा नंबर कसा लावाचा ते," त्या म्हणाल्या. "एका गुरुवारी सकाळी. घराचे कागद कुठं हायेत, लायटीचं बिल कुठं भराचं, सारं दाखवलं. कधी नाही दाखवलं त्याच्या आधी. मी म्हटलं, आज काहून? कुठं चालले? तं म्हणे, एकाले विमानातून उतरवून आणतो."

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला.

"कोण होता जी तो? उतरला का मंग?"

"हो," मी म्हणालो. "उतरला."