दोन्ही रकान्यांत एकच नाव

मयत: द्वारकाबाई म्हात्रे, वय अदमासे बेचाळीस, राहणार निडी गावापलीकडील वाडी. काम: हिवतापाच्या तपासणीसाठी ताप आलेल्यांच्या बोटातील रक्ताचा थेंब काचेवर घेऊन आरोग्य केंद्रात पोहोचवणे व गोळ्या वाटणे, नेमणूक स्वयंसेविका, म्हणजे बिनपगारी. मृत्यू: यंदाच्या श्रावणातील दुसरा सोमवार, दुपारी, पेणला नेताना टेम्पोत, वडखळ नाका येण्यापूर्वी. साक्षीदार: जाऊ हिराबाई, टेम्पोचालक आणि प्रस्तुत लेखक. यांपैकी तिसऱ्याची साक्ष अर्धीच धरावी, कारण तो त्या वेळी रोह्यात कचेरीसमोर दुसऱ्या कोणाचा अर्ज लिहीत बसला होता. दुसऱ्या दिवशी हिराबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "दादा, आमची बाई गेली," एवढेच म्हणाल्या...

रोह्याच्या पुढे रेल्वेमार्गाचे काम निघाले, त्या पावसाळ्यात द्वारकाबाई प्रथम माझ्याकडे आल्या. शिक्षण चौथी. माझे सातवी, परंतु माझ्या हातचा कागद कोणत्याही कार्यालयाने चुकीचा म्हणून परत केलेला नाही, हे तालुक्यात सर्वश्रुत आहे. रक्ताच्या काचेसोबत जोडायचा फॉर्म त्यांना भरता येत नव्हता. मी शिकवला: या रकान्यात रुग्णाचे नाव, या रकान्यात रक्त घेणाऱ्याचे, आणि कोठेही खोटे अक्षर नको. "तुमी अर्जात गरिबाला अतिगरीब लिवता, ता खोटा नाय?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, ते निराळे. "व्हय, तुमचा समदाच निराळा," म्हणून हसल्या. पुढे एकदा त्यांच्या वाडीत गेलो होतो, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ बोट पुढे करीनात. "माजा रगत कुठं इकतेस गो?" "कोन घेतंय तुजा रगत, आजा? निसता बिडीचा धूर हाय त्यात." म्हातारा हसेपर्यंत सुई टोचून झाली होती.

या श्रावणात त्यांनाच ताप भरला. जवळच्या गोळ्या घेतल्या, ताप हटेना. पुढचे औषध रक्ताचा रिपोर्ट आल्याखेरीज मिळत नाही. वाडीत सुई धरणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच्या बोटाला स्वतःच टोचले. हिराबाई म्हणाल्या, "घेनारी म्हनून माजा नाव लाव गो." त्यावर उत्तर आले, "सुई तू धरलीस का? दादांनी खोटा लिवू नको सांगितलाय." आणि दोन्ही रकान्यांत त्यांनी आपलेच नाव लिहिले. आरोग्य केंद्रातील कारकुनाने (नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याला ते ठाऊक आहे) फॉर्मवर तांबड्या शाईने 'शंकास्पद' असा शेरा मारला आणि काच कपाटात ठेवून दिली. हिराबाई तीन दिवस फेऱ्या मारत होत्या. चौथ्या दिवशी टेम्पो बोलवावा लागला.

नंतर मी त्या इसमास गाठले. "देणारी तीच, घेणारी तीच. पुरावा काय?" तो म्हणाला. मी विचारले, काच कोठे आहे? "असेल कपाटात. बाईच राहिली नाही, आता काच घेऊन काय करता, भाऊसाहेब?" याच केंद्राने शोकसभा घेतली, फोटोला हार घातला, 'निःस्वार्थ सेवा' म्हणून टाळ्या घेतल्या. इतकी वर्षे या बाईंच्या सहीवर वाडीभरचे रक्त तपासले जात होते; त्यांच्या स्वतःच्या रक्तापुरती मात्र ती सही अपुरी पडली. आणि मी... मी कागद चोख ठेवायला शिकवले नसते, तर हिराबाईंचे नाव लागले असते आणि काच तपासली गेली असती. ही तक्रार कोणत्या कार्यालयात दाखल करायची, हे मला, अर्ज लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला, माहीत नाही.

सबब मागणी एवढीच. कपाट उघडावे, ती काच आजही तपासावी आणि द्वारकाबाईंच्या रक्तात काय होते ते हिराबाईंना लेखी कळवावे. दोन्ही रकान्यांतील नाव एकच आहे आणि दोन्ही ठिकाणी ते खरे आहे, असे त्या उत्तरात स्पष्ट नमूद असावे.