तणमोर मे महिन्यात दिसत नाही

भर मे महिन्यात माळावर तणमोर पक्षी शोधायला जाणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल?

आमच्या गावचा ई-क्लास, म्हणजे गुरं चरतात तो सरकारी माळ, असाच तपासला गेला. विजेची मोठी लाइन आधी शेतांतून जाणार होती. शेतकऱ्यांनी ओरड केली, तेव्हा ती माळाकडे सरकवली. सगळ्यांना हायसं वाटलं. मग पर्यावरणाची पाहणी करणारे जीप घेऊन आले, वाळक्या गवतात फिरले आणि ग्रामपंचायतीच्या सभेत सांगून मोकळे झाले: जमीन पडीक, दुर्मिळ पक्षी नाही.

मी उभी राहिले. "तणमोर इथं पावसाळ्यात येतो, साहेब. गवत वाढलं की नर त्यातून उड्या मारतो. तुम्ही उन्हाळ्यात कशाला आलात?"

साहेब हसले. "गावात कोणी पाहिलाय?"

मी काकांकडे बघितलं. त्यांच्या म्हशी जन्मभर त्याच माळावर. तणमोराची उडी मला त्यांनीच दाखवली होती, खांद्यावर बसवून.

"नाई बा," काका म्हणाले. "हे पोट्टी पाखरांची पत्रकं वाचू वाचू येडी झाली, साहेब."

सभा खो खो हसली.

घरी जाताना मी भांडले. "काका, खोटं काहून बोलले?"

"पक्षी हाय म्हटलं का जंगलवाले येतीन, माळाले कुंपण घालतीन. मंग म्हशी काय तुह्या पत्रकावर चारू? नाहीतर लाइन वापस वावरात येईन, अन् सारं गाव मले शिव्या देईन."

काकांची भीती खोटी नव्हती. पण उडत्या पक्ष्याला समोरच्या तारा वेळेवर दिसत नाहीत, हेही खोटं नाही. चराई राहील आणि पक्षीही राहील असा मार्ग शोधणं, हेच तर पाहणीचं काम! त्यांनी नुसतं 'आहे का' विचारलं आणि घाबरलेल्या माणसाचं 'नाही' घेऊन गेले.

माळावर चुन्याच्या खुणा पडल्यात. टॉवर अजून उभे नाहीत. काका म्हशी त्या खुणांपासून लांब वळवतात.

पावसाळ्यात पुन्हा पाहणी करा, असा अर्ज मी वाशीमला जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहे. तुमच्या शिवारात तणमोर दिसला असेल, तर त्या अर्जावर सही करा. आणि सहीखाली ठणकावून लिहा: आमची चराई बंद करायची नाही.